मशीनला हात कळत नाही

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी काही हंगाम कॉम्प्युटर चालवला. 'चालवला' असंच तेव्हा म्हणायचे, जीप चालवावी तसं. तिथं माझ्यासोबत एक बाई कामाला होत्या. माझ्या हातून झालेली चूक त्यांच्या हातावर गेली आणि मी ती जाऊ दिली. सांगायचं आहे ते एवढंच. पण जरा सावकाश सांगतो. घाईत सांगायला लागलो की मी स्वतःला सोडवून घेतो, हे मला आता कळून चुकलंय.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. औरंगाबादेत मी कॉम्प्युटरचा कोर्स करत होतो तेव्हा भिंतीच्या एका बाजूला 'झालंच पाहिजे' आणि दुसऱ्या बाजूला 'होऊ देणार नाही' असं लिहिलेलं असायचं. बंद पुकारला की क्लासला कुलूप, एसटी जागेवर. आम्ही जिंतूरकडचे, बऱ्यापैकी जमीन असलेले. घरी या विषयावर बोलणं व्हायचं नाही. वडील पेपर वाचून त्याची घडी घालत आणि उशाखाली ठेवत. एखाद्या गावात काही झाल्याची बातमी आली तरी तेच. चांगल्या घरातल्या माणसानं अशा वेळी काय करायचं असतं, ते मी तिथंच शिकलो. गप्प बसायचं.

जिनिंगच्या मालकांनी गुजरातेत कुठं तरी कॉम्प्युटर पाहिला आणि हौसेनं एक आणला. त्यासाठी वजनकाट्याशेजारी काचेची खोली केली. बाहेर सगळीकडं रुई उडत असायची. माणसांच्या भुवयांवर, विजेच्या तारांवर, चहाच्या कपात. मशीनला ती चालणार नव्हती. म्हणून खोलीच्या दाराला ओलं गोणपाट लावलेलं, आणि चपला बाहेर. मालकसुद्धा चप्पल काढून, काचेवर टकटक करून आत यायचे. हमाल हसायचे. "देवळात बी मालक इतके वाकत न्हाईत," म्हणायचे.

त्या बाई टायपिस्ट होत्या. त्यांचे यजमान याच जिनिंगात गाठी बांधायच्या प्रेसवर फिटर होते. छातीच्या आजारानं गेले. मग मालकांनी यांना कामावर घेतलं. कामगार सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागलो. त्या मला भावजी म्हणत, आणि माझ्यावर राग आला की 'कंपुटर साहेब'.

पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसेनात. दाराशी उभ्या.

"बसा ना वहिनी."

"एकच तर खुर्ची हाय. साहेबाची."

"मग उभ्यानं टाईप करणार का?"

"भाकरी थापतेच की उभ्यानं. टाईपला काय झालं?"

दुसरी खुर्ची आली. तिचा एक पाय आखूड होता, खाली पुठ्ठा घालावा लागे. पण वहिनी त्या खुर्चीला रोज फडकं मारून मगच मशीन पुसायच्या. मला ते तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं. घरी त्या सासूबरोबर राहत. आळीत लग्न असलं की त्या मागच्या खोलीत, भाजी निवडायला. वाण लुटायला बायका यायच्या तेव्हा त्यांच्या दारावरून पुढं जायच्या. दिवसभरात त्यांना कुणी पुढं बसवत असेल तर ते या काचेच्या खोलीत. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून काचेतून बघायच्या. वहिनी बघितलंच नाही असं दाखवायच्या, पण त्यांची पाठ ताठ व्हायची.

काम असं होतं. जिनिंगला कापूस घालणाऱ्या शेतकऱ्यांची नावं, गावं, कुणाचा माल कसा, हे सगळं पावसाळ्यात मशीनमध्ये भरून ठेवायचं. मग हंगामात गाडी काट्यावर आली की नाव सांगितल्यावर पावती छापून बाहेर. आमच्या मशीनमध्ये आत काही साठत नव्हतं. लाईट होती तोवर त्याला आठवायचं. लाईट गेली की सगळं विसरायचं. टिकवायचं असेल ते फ्लॉपीवर घ्यावं लागे. फ्लॉपी म्हणजे काळी, पातळ, पंजाएवढी चौकोनी चकती. कागदी पाकिटात राहायची आणि जरा दाबली की वाकायची.

मला शिकवायची हौस होती. नवीन शिकून आलेल्या माणसाला असते. मी वहिनींना सांगायचो की हे सगळं मागावरून सुरू झालं. विलायतेत मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे लावत. भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली, असं नक्षीचं कापड आपोआप विणलं जाई. त्यावरून पुढं कुणी भोकांच्या पुठ्ठ्यांनी माणसं मोजली, कुणी गणितं केली. मग खोलीभर काचेच्या नळ्यांची यंत्रं आली. ती इतकी तापायची की खोलीत उभं राहवत नसे. आणि आता हे, टेबलावर मावणारं.

"म्हंजे हे बी कापडापासूनच निघालं म्हणा की," वहिनी म्हणाल्या. "मग रुईचं याला एवढं वावडं का?"

मी गोणपाटावर पाणी मारायला उठलो.

मशीनला अक्षर कसं कळतं, हे त्यांना पटत नव्हतं. एक दिवस मी त्यांना सरकी वेगळी काढणाऱ्या जिनच्या हॉलमध्ये नेलं. तिथं भिंतीवर मोठा बोर्ड होता, एकेका जिनला एकेक लाल दिवा. जिन चालू असेल तर दिवा लागलेला. मी म्हणालो, यातले पहिले आठ धरा. कोणता लागला, कोणता विझला, एवढंच मशीनला कळतं. लागला किंवा विझला, तिसरं काही नाही. दुसरा आणि शेवटचा लागला असेल आणि बाकी विझलेले असतील, तर ते इंग्रजीतलं 'ए'. शेवटचा विझवून त्याच्या अलीकडचा लावला की 'बी'.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग ऑपरेटरला म्हणाल्या, "ओ मामा, तेवढा दुसरा नि आठवा ठिवा, बाकीचे बंद करा."

"का वो वहिनी? माल थांबंल की."

"अहो, 'ए' काढायचाय!"

मामांनी काही जिन बंद केले नाहीत. पण त्यानंतर वहिनींना नादच लागला. सकाळी हॉलमधून येताना बोर्ड बघून यायच्या आणि गोणपाट बाजूला सारत म्हणायच्या, "भावजी, आज काय वाचताच येईना. सरकारी पत्रावानी झालंय."

त्या झपाट्यानं शिकल्या. त्या पावसाळ्यात जवळजवळ सगळी नावं त्यांनीच भरली. मी नुसता बाजूला बसून चहा पीत होतो म्हटलं तरी चालेल.

आता खंडेनवमी. जिनिंगमध्ये त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा असते. फिटर आपल्या पान्यांची करतो, ड्रायव्हर ट्रकची, काटेवाला काट्याची. ज्याचं हत्यार त्यानं पूजायचं, अशी रीत. मग दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही.

आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावजी, आपल्या मशीनची पूजा तुमी करा."

"मी? मी हे काही मानत नाही. मशीन तुमचं आहे, तुम्ही करा."

"मी कशी करू?"

"का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढं मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. पण मी सुधारक होतो ना. मी सांगितलं की मशीनला लागला आणि विझला एवढंच कळतं. त्याला हात कळत नाही, कुणाचा हात तेही कळत नाही. तुम्ही एवढे महिने त्याला हात लावला, ते बिघडलं का?

"बघा बरं. लोक नावं ठिवतील."

"ठेवू द्या. मी आहे ना."

'मी आहे ना.' हे शब्द माझे आहेत.

खंडेनवमीच्या सकाळी मालकांनी निरोप धाडला की पूजेच्या आधी फ्लॉपीची दुसरी प्रत करून ठेवा, उगीच घोटाळा नको. सल्ला शहाणपणाचा होता. मशीनला दोन कप्पे होते. एकात भरलेली फ्लॉपी, दुसऱ्यात कोरी, आणि इकडचं तिकडं उतरव म्हणून हुकूम द्यायचा. भरलेल्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर चंदेरी पट्टी चिकटवली की तिच्यावरचं काही पुसलं जात नाही. वहिनी त्या पट्टीला टिकली म्हणायच्या. "टिकली असली की तिला कुणी पुसत न्हाई," असं एकदा म्हणाल्या होत्या आणि दुसरीकडं बघू लागल्या होत्या.

मी पट्टी लावली नाही. बाहेरून हाका यायला लागल्या होत्या, "साहेब, आरती व्हायली, या की!" मी "आलो, आलो" म्हणत दोन्ही फ्लॉप्या कप्प्यांत सरकवल्या आणि बटण दाबलं. कोणती कुठं गेली ते बघितलं नाही. कुरकुर आवाज झाला, थांबला. मशीननं तक्रार केली नाही. भरलेलं काय आणि रिकामं काय, हे त्याला आपण सांगावं लागतं. मी त्याला उलटं सांगितलं होतं. त्यानं इमानानं कोऱ्या फ्लॉपीवरचं कोरंपण भरलेल्या फ्लॉपीवर उतरवून दिलं.

पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आरतीला गेलो. मग वहिनी ताट घेऊन आल्या, चप्पल काढून आत गेल्या. झेंडूची दोन फुलं त्यांनी मशीनवर ठेवली. चार अक्षता. मग अनामिकेनं कुंकू घेतलं आणि क्षणभर हात तसाच ठेवला. काचेबाहेर सगळे बघत होते. त्यांनी पडद्याच्या वर बोट टेकलं, आणि फ्लॉपीच्या कप्प्याच्या तोंडाशी एक. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लग्नात पुढं मिरवणाऱ्या बाईचा असतो तसा होता. मी मान हलवून 'छान' असं दाखवलं. स्वतःवर खूश होतो.

दसऱ्याला मुहूर्ताची गाडी आली. बैलांच्या शिंगांना गोंडे, पुढं हलगी. गाडीवाल्याला फेटा बांधला, आणि मालक मोठ्यानं म्हणाले, "पहिली पावती आज मशीन देणार!" खोलीबाहेर गर्दी. वहिनींनी फ्लॉपी घातली, गाडीवाल्याचं नाव टाईप केलं. पडद्यावर काही आलं नाही. दुसरं नाव टाईप केलं. मग तिसरं, त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या भावाचं, कारण ते त्यांनी स्वतः भरलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. काही नाही. मी त्यांना बाजूला केलं, दुसरी फ्लॉपी घातली. तीही कोरी. आणि त्याच घडीला मला सगळं कळलं. आरती, हाका, दोन कप्पे, न लावलेली पट्टी. 

मुनीम वयानं मोठे होते. ते काचेतून आत बघत म्हणाले, "मी कालच म्हणलो होतो. शुभकामाला पुढं कोण झालं ते बघा. कुंकवाचा मान असतो बाबा."

 हलगीवाल्याला कुणी तरी थांबवलं. मालक तसे वाईट नव्हते. त्यांना ते ऐकून लाज वाटली असावी, म्हणून त्यांनी शास्त्राकडं तोंड केलं. म्हणजे माझ्याकडं.

"काय साहेब? कुंकवानं असं व्हऊ शकतं का?"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. डोळ्यांत भीती नव्हती. मी काय सांगणार ते त्यांना ठाऊक होतं. दोनच दिवसांपूर्वी मी ते सांगितलं होतं.

मी म्हणालो, "होऊ शकतं. आत कण गेला तर फ्लॉपी खराब होते."

हे पूर्ण खोटं नाही. कण गेला तर होते खराब. पण कणानं खराब झालेली फ्लॉपी वाचताना मशीन अडतं, कुरकुरतं. ती अशी स्वच्छ, गप्प कोरी होत नाही. हे त्या गर्दीत मलाच ठाऊक होतं. सेलूत त्या मशीनचं दोनच माणसांना कळायचं. त्यातलं एक मी, आणि दुसरीला जे कळायचं ते मी सांगितलेलं. मी शिकवलेलं सगळं त्यांना खरं वाटायचं. हेही वाटलं.

का बोललो असं? नोकरी पक्की व्हायची होती, हे एक कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत होतो. खरं तर त्या क्षणी मला नोकरी आठवलीसुद्धा नाही. गर्दीसमोर 'माझ्याकडून झालं' हे तोंडातून निघेना, एवढंच. 'मशीन जाणणारा' हा मान मला सोडवेना.

मालकांनी वहिनींना काढलं नाही. त्यांना अंगणात कापूस निवडणाऱ्या बायांत बसवलं, कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस वेचायला. काचेतून त्या मला दिसायच्या. डोक्यावर पदर, त्यावर रुई. आखूड पायाची खुर्ची आत रिकामी. नावं मी पुन्हा भरत बसलो, संक्रांतीपर्यंत. त्यांनी एकदाही काचेकडं बघितलं नाही. हॉलमधल्या दिव्यांकडंही नाही. होळीच्या आत त्या माहेरी निघून गेल्या, देवगाव फाट्याच्या पलीकडं, भावाकडं.

त्यानंतर त्यांची एकदाच गाठ पडली. मी तोवर जिनिंग सोडून परभणीला लागलो होतो. नामविस्ताराचा निर्णय झाला त्या दिवसांत एसट्या कुठंही थांबवून ठेवत. आमची गाडी देवगाव फाट्याला थांबली. पुढं जायचं की नाही ते कुणाला माहीत नव्हतं. हॉटेलच्या बाकड्यावर वहिनी बसलेल्या, शेजारी बोचकं.

"भावजी! लय वाळलाव. कंपुटर खाऊ घालत न्हाई का?"

मी हसलो. त्यांनी घरचं विचारलं, मी त्यांचं विचारलं. भावानं विहिरीवर नवी मोटर बसवली, म्हणाल्या. चांगलं चाललंय. मग बोचक्याची गाठ सोडत-बांधत त्यांनी विचारलं,

"एक विचारू? रागावू नका. ते माझ्या हातानंच झालं होतं ना?"

मी म्हणालो, "नाही हो वहिनी. मशीनच जुनं होतं."

आणखी एक वाक्य हवं होतं. ते माझ्या तोंडात होतं. बाजूला अनोळखी माणसं होती, पोलिसांची गाडी होती, एवढीच माझी सबब.

त्या हसल्या. "तुमी चांगले हाव म्हणून म्हणायलाव. मशीन तर नवं होतं. मीच त्याच्यावरचा पलास्टिकचा कागद काढला होता." मग म्हणाल्या, "मी आता जपते. मोटर बसवली त्या दिवशी मी सकाळीच शेजारच्या वावरात जाऊन बसले. ती सुरू झाल्याचा आवाज आला, मगच आले. कुणाच्या नव्या वस्तूला माझा हात नको."

कंडक्टरनं घंटी वाजवली. मी गाडीत चढलो. खिडकीतून हातही केला.

पुढं मी संसार केला, कॉम्प्युटर शिकवून पोट भरलं, कितीतरी पोरांना सांगितलं की प्रत काढताना आधी पट्टी लावा. ते वाक्य मी दर तासाला दोनदा म्हणायचो. पोरांना वाटायचं, सरांना फ्लॉपीची लयच काळजी.

गेल्या वर्षी मी त्यांच्या माहेरी गेलो. पुष्कळ उशीर झाला होता. त्या दिवाळीआधीच वारल्या होत्या. भाऊ आता म्हातारा झालाय. त्यानं मला ओसरीवर बसवलं. मी त्याला सगळं सांगितलं. दोन कप्पे कसे असायचे, कोणती फ्लॉपी कुठं घातली, कुंकवाचा काही संबंध नव्हता, मालकांसमोर मी काय बोललो. त्याला मशीनचं काही कळलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगू लागलो, तेव्हा त्यानं हात वर केला.

"कळलं मला."

 मग म्हणाला, "पोरीच्या लग्नात ती मागच्या खोलीत बसली. मीच म्हणलो, बस तिकडं, तुझ्या हाताचं तुलाच ठाऊक हाय. ट्रॅक्टर आणला तवा तिनं ताट केलं, निरांजन लावलं, अन् माझ्या बायकोच्या हातात देऊन वावरात गेली. आमी तिला थांब म्हणलो न्हाई." त्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेब, मंग आमी तिला इतकी वर्षं बाहेर कशापायी बसवली?"

मी उठलो. चपला घातल्या. अंगणात तो ट्रॅक्टर उभा होता. बॉनेटवर दसऱ्याचं कुंकू अजून होतं, वाळून काळं पडलेलं, दुसऱ्याच कुणाच्या बोटाचं.